डी ड्राइव्ह कुठे गेला?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कर्जत-खोपोलीतल्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर एक सूचना यायची. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद होणार, नवी आवृत्ती घ्या. आणि खाली दुसरी ओळ : तुमचं मशिन नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही. वसुबारसेच्या तीन दिवस आधीची ती तारीख. घरात फराळाची गडबड, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दहा वर्षं नीट चाललेलं मशिन आता कामातून गेलं असं सांगणारा हा निरोप.

या पट्ट्यात पेन्शनरांची घरं भरपूर. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला जादा इंजिनं लागतात, म्हणून इथं रेल्वेची माणसं. खोपोली-रसायनीचे कारखाने, खोपोली आणि भिवपुरीची टाटांची वीजकेंद्रं, म्हणून फोरमन आणि फिटर. तालुक्याच्या कचेऱ्या, कोर्टं, जिल्हा परिषदेच्या शाळा, म्हणून कारकून आणि गुरुजी. मुलगा-मुलगी पुण्याला किंवा ठाण्याला नोकरीला लागली, त्यांनी २०१४-१५च्या सुमारास आईवडिलांना एक डेस्कटॉप घेऊन दिला; चार जीबी रॅम, वर प्लास्टिकचं कव्हर, शेजारी यूपीएस. यांतल्या बहुतेक मशिनांत काहीही बिघडलेलं नव्हतं. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७च्या पुढचा. त्याआधीचं मशिन बसलं बाहेर. एका वर्षाची वाढीव सुरक्षा घेण्याची सोय होती, पण ती कुठून आणि कशी घ्यायची हे सत्तरीतल्या माणसाला समजेल अशा भाषेत कुणी सांगत नव्हतं. कॅनालिस या संशोधनसंस्थेनं आधीच अंदाज दिला होता की या एका निर्णयानं जगभरात सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. आमच्याकडच्या दुकानांत त्याचा अर्थ एवढाच होता : ‘काका, मशिन जुनं झालंय, नवीन घ्या.’

मी हिशेबनिसाच्या कार्यालयात काम करते. पण घरात आणि ओळखीत ‘तुला कळतं ना’ म्हणून ही कामं माझ्याकडे येत राहिली. नवीन मशिन घ्यायचं की इंटरनेटची वायर काढून ठेवायची, एवढेच दोन पर्याय लोकांपुढे होते. मी तिसरा ठेवला : लिनक्स मिंट. आयर्लंडमधून २००६ साली सुरू झालेली ही प्रणाली उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर बेतलेली आहे, फुकट आहे, दोन जीबी रॅमवरही सुरू होते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे विंडोजवरून येणाऱ्याला परकं वाटत नाही. सध्याची २२वी आवृत्ती २०२९पर्यंत सुरक्षा-अपडेट देणार आहे.

‘म्हाताऱ्या माणसांना हे जमायचं नाही’ असं मला अनेकांनी सांगितलं. सांगणारे सगळे चाळिशीच्या आतले होते. माझा अनुभव नेमका उलटा आहे, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे. वडीलधारी माणसं या नव्या प्रणालीला सरावतात, बऱ्यापैकी लवकर सरावतात. सरावत नाहीत ती त्यांच्याभोवतीची कार्यालयं, प्रिंटर, अंगठ्याची यंत्रं आणि आपण, त्यांची मुलं-पुतणे, ज्यांना समजावून सांगायला वेळ नसतो.

खोपोलीच्या काकांपासून सुरुवात केली. ते न्यायालयीन सेवेतून सिनियर क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मी तासभर तयारी करून गेले होते : लिनक्स म्हणजे काय, व्हायरसची भीती कशी कमी, वगैरे. काकांनी मला दोन वाक्यांत थांबवलं. ‘अगं, कोर्टात आम्ही इतकी वर्षं काय वापरत होतो मग? उबंटूच ना?’

खरंच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीनं ई-कोर्ट प्रकल्पासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण घेतलं. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली पुण्याच्या एनआयसी या सरकारी संस्थेनं मुक्त सॉफ्टवेअरवरच तयार केली. १४,०००हून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना उबंटू लिनक्सचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि हजारो कर्मचाऱ्यांना सीआयएसचं. यातले कितीतरी जण तेव्हा पन्नाशीच्या पुढचे होते. रोजनामा भरायचा, पुढची तारीख टाकायची, संध्याकाळी उद्याचा बोर्ड काढायचा. प्रणालीचं नाव काय, याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती. तालुक्याच्या कोर्टात पक्षकार म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला आपली तारीख ज्या पडद्यावरून पुकारली जाते तो लिनक्सवर चालतो, हे कधी कळलंही नसेल.

काकांनी पुढे जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोर्टात सवय झाली कारण शेजारच्या टेबलावरचा माणूसही तेच वापरत होता. अडलं की मान वळवून विचारायचं. घरी शेजारचं टेबल नसतं. तिथं अडलं की फोन करायचा, आणि फोनवर मुलगा मीटिंगमध्ये असतो. म्हणून ज्यानं कुणी घरात ही प्रणाली बसवली, त्यानं ते शेजारचं टेबल व्हायला हवं. मी काकांच्या या बोलण्यावरून एक नियम केला. बसवून दिल्यावर पहिले काही आठवडे रात्री साडेआठला माझा फोन मोकळा. प्रश्न कितीही साधा असो, ‘हे तर तुम्हाला मागेच सांगितलं होतं’ असं म्हणायचं नाही.

आमच्या जिल्ह्यात मुक्त प्रणाली कोर्टांच्याही वेगळ्या वाटेनं येऊन गेलेली आहे. २००७ साली रायगडातल्या खैरात-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. निकोलस निग्रोपाँटे यांच्या कल्पनेतले ते हिरवे-पांढरे, कानासारख्या अँटेना असलेले लॅपटॉप फेडोरा लिनक्सवर चालत, आणि वर ‘शुगर’ नावाचा मुलांसाठी केलेला चेहरा. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यानं त्याआधीच, २००६मध्ये, या योजनेला नकार दिलेला होता. तरी डोंगरातल्या वाडीवरच्या मुलांच्या हातात ही यंत्रं आली. ती मुलं आता पंचविशी ओलांडून पुढे गेली असतील. शहरातल्या लोकांना अवघड वाटणारी गोष्ट त्यांनी सहज हाताळली, कारण त्यांच्या मनात आधीची कुठलीही सवय नव्हती. वडीलधाऱ्यांचं दुखणं इथेच असतं. त्यांना नवं शिकणं जड जात नाही, जुन्या सवयीच्या खुणा हरवल्या की पायाखालची वाट हरवते.

नेरळच्या आत्याकडे हे मला नीट समजलं. तिच्या मशिनवर मिंट बसवलं, फोटो दाखवले, भजनं लावून दिली. आत्यानं सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, ‘माझा डी ड्राइव्ह कुठे गेला?’

हा प्रश्न मला नंतर घरोघरी ऐकू आला. आधी मी तो अडाणीपणाचा समजत होते, पण तो तसा नाही. विंडोजमध्ये हार्ड डिस्कचे भाग अक्षरांनी ओळखले जातात. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली अक्षरं, म्हणून पहिली डिस्क सी. आपल्याकडचे दुरुस्तीवाले डिस्कचे दोन तुकडे करायचे, सीमध्ये विंडोज आणि डीमध्ये ‘डेटा’. आणि ग्राहकाला बजावून सांगायचे : महत्त्वाचं सगळं डीमध्ये ठेवा, फॉरमॅट मारलं तरी डीला काही होत नाही. आत्याच्या घरात या मशिनला कितीदा तरी फॉरमॅट मारलं गेलं. दरवेळी सीमधलं सगळं गेलं, डी राहिला. मामंजींचा एकसष्टीचा अल्बम, नातवाच्या बारशाचे फोटो, गॅसच्या पावत्यांचं स्कॅन, सगळं डीमध्ये. तिच्या लेखी डी ड्राइव्ह म्हणजे घरावर काहीही आलं तरी टिकणारी जागा. ती विचारत होती की जे टिकायला हवं होतं ते टिकलं का.

लिनक्समध्ये अक्षरं नसतात. सगळं एकाच मुळापासून फांद्यांसारखं पसरतं. वापरणाऱ्याचं सामान ‘होम’ नावाच्या फोल्डरात. हे आत्याला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. तिचा डी ड्राइव्ह मी पुसलेला नव्हताच. विंडोजचा एनटीएफएस प्रकारचा भाग लिनक्स वाचतं आणि त्यावर लिहूही शकतं. तो फक्त फाइल मॅनेजरच्या कडेच्या पट्टीत वेगळ्या नावानं, आकारमान लिहून दिसत होता. मी त्याला नाव दिलं ‘डी – आत्या’, मशिन सुरू होताच तो आपोआप जोडला जाईल असं केलं, आणि त्याचं चिन्ह पडद्यावर डावीकडे वर, जिथं तिची नजर दहा वर्षं जात होती तिथं ठेवलं. आत्यानं ते उघडलं, एकसष्टीचे फोटो पाहिले, आणि मग पहिल्यांदा मला चहा विचारला.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला की फोटो दिसतात पण काढून टाकता येत नाहीत. यामागे एक बारीक कारण आहे, आणि जे कुणी दोन्ही प्रणाली एकाच मशिनवर ठेवतात त्यांनी ते जाणून घ्यावं. विंडोज १० ‘बंद’ होताना पूर्ण बंद होत नाही; पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून आपली स्थिती डिस्कवर लिहून अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्स तो भाग फक्त वाचायला उघडतं, लिहू देत नाही, कारण लिहिलं तर झोपलेल्या विंडोजची नोंद बिघडेल. आत्याच्या मुलानं आदल्या रात्री काहीतरी बघायला विंडोज उघडलं होतं. विंडोजमधली ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद केल्यावर अडचण मिटली. प्रणालीनं तिच्या फोटोंची काळजी घेतली म्हणून ते पुसले जात नव्हते, हे सांगितल्यावर आत्याचा तिच्यावर विश्वास वाढलाच.

बाकी आत्याकडे फार काही करावं लागलं नाही. अक्षरं सव्वापट मोठी केली, माउसचा बाण मोठा केला. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालेलं, दुसरं व्हायचं होतं. ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की अख्खा पडदा मोठा होतो ही सोय सुरू करून दिली, तेव्हा ती म्हणाली की हे आधी का कुणी सांगितलं नाही. पत्त्यांचा डाव हवाच होता. विंडोजमध्ये सॉलिटेअर १९९०पासून आहे आणि आपल्याकडे कितीतरी माणसं माउस धरायला त्यावरच शिकली. मिंटवर ‘आयलरायट’ नावाचा खेळ घालून दिला, त्यात पत्त्यांचे ऐंशीच्या वर डाव आहेत. आत्या अजून एकच खेळते.

कर्जतमध्ये ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. सगळे त्यांना सरच म्हणतात. त्यांचं मशिन म्हणजे त्यांचं लिखाण : शाळेची स्मरणिका, भाषणं, आणि या परिसराच्या इतिहासाच्या टिपणांच्या शेकडो फाइली. खालापूर तालुक्यातली उंबरखिंड, जिथं १६६१च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडीत पकडली. माथेरानचे भाई कोतवाल आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर झालेलं त्यांचं बलिदान. भोर घाटातल्या रेल्वेचं बांधकाम. मिंटवर लिबरऑफिस हे लिखाणाचं सॉफ्टवेअर उघडलं, फाइल उघडली, आणि पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा खच. सरांचा चेहरा उतरला. मग ते चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. ‘माझं वीस वर्षांचं लिखाण गेलं का हे?’

ते गेलेलं नव्हतं. मराठी मात्र त्या फाइलींमध्ये पहिल्यापासूनच नव्हती. युनिकोड ही सगळ्या लिपींसाठीची एकच पद्धत रुळण्याआधी आपल्याकडे मराठी टाइप करायची ती खास फॉन्ट वापरून. ‘श्रीलिपी’, ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’, ‘किरण’, प्रत्येकाची मांडणी वेगळी. फाइलीत साठवलं जायचं ते एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट फक्त त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट काढला की मुखवटा उतरला. हे लिनक्समुळे झालेलं नाही. सरांनी नवं विंडोजचं मशिन घेतलं असतं आणि जुना फॉन्ट त्यावर घातला नसता तरी हेच दिसलं असतं. देशी लिपींसाठी आयएससीआयआय हे प्रमाण १९९१ साली ठरलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण छपाईची दुकानं, शाळा, वर्तमानपत्रं पुढे दीड-दोन दशकं त्या मुखवट्यांवरच चालली. महाराष्ट्रातल्या किती निवृत्त माणसांचं आयुष्यभराचं लिखाण अशा फाइलींत अडकलेलं असेल याचा विचार केला की जीव कासावीस होतो. मशिन बदलताना ते बाहेर पडतं, आणि बाहेर पडलं की लोकांना वाटतं गेलं.

जुन्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातून फॉन्टची फाइल काढून मिंटमध्ये घातली. लगेच सगळं पूर्ववत दिसू लागलं. सर निश्चिंत झाले, पण मला तिथं थांबायचं नव्हतं. हे लिखाण युनिकोडमध्ये आणायला हवं होतं, म्हणजे पुढे कुठल्याही मशिनवर, फोनवर, कुणाच्याही घरी ते वाचता येईल, त्यात शोधता येईल. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एक फाइल काढली. नव्वद टक्के सुरेख, उरलेल्यात गोंधळ. त्यातला एक गोंधळ इथं सांगते, कारण त्यातून हे काम किती नाजूक आहे ते कळतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी टाइपरायटरसारखी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि तशीच साठवली जायची. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवायची, दिसायची मात्र आधी. ‘किल्ला’ सरळ होतो. पण ‘स्थिती’, ‘व्यक्तिमत्त्व’ यांत वेलांटी संपूर्ण जोडाक्षर ओलांडून मागे जायला हवी, आणि ती मध्येच कुठेतरी बसते. रफाराचंही तेच, ‘कर्जत’ हा शब्द पहिल्या फाइलीत दरवेळी वेगळा निघाला.

इथून पुढे सरांना माझी गरज कमी होत गेली. मुद्रितं तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. शोधा-आणि-बदला ही सोय त्यांना दाखवली, आणि मग ते रोज सकाळी फाइली घेऊन बसू लागले. लिबरऑफिस ते कुणाच्याही शिकवणीशिवाय शिकले, कारण त्यांना ‘लिबरऑफिस शिकायचं’ नव्हतं, आपलं लिखाण वाचवायचं होतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाची त्यांना मी ओळख करून दिली. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प दहा-दहा मिनिटांचे धडे देतो, मराठीतूनही. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्या पडद्यावर सॉफ्टवेअर. थांबवायचं, करून बघायचं, पुढे जायचं. शिक्षकाला ही पद्धत पटणारच. सरांनी धड्यातल्या निवेदनातल्या एक-दोन चुकाही मला दाखवल्या.

टायपिंगचा प्रश्न होता. फोनवर ते इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, मिंटवरही तशी सोय आहे. पण मी त्यांना इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी सुचवली. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, आणि ल जिथं तिथंच शिफ्ट दाबून ळ, र जिथं तिथंच ऱ. विंडोजवरही हीच मांडणी असते, त्यामुळे एकदा शिकलेलं वाया जात नाही. कीबोर्डवर स्टिकर लावले. सर अजून दोन बोटांनीच टाइप करतात, पण बोटं आता थांबत नाहीत.

एका संध्याकाळी त्यांनी फोन करून सांगितलं की आपल्या ल आणि शचं रूप बदललंय. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी लावल्यावर त्या फॉन्टनं हिंदी वळणाच्या ल-शऐवजी आपला पाकळीचा ल आणि देठाचा श दाखवायला सुरुवात केली होती. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयातली हीच रूपं शाळेत शिकवायची, हे त्यांना पाठ. कुठल्यातरी परदेशी माणसांनी केलेल्या प्रणालीत हे कुणी लक्षात ठेवलं असेल याचं त्यांना नवल वाटलं. पण ते सगळे परदेशी नाहीत. लिनक्सवरच्या ‘लोहित’ या फॉन्टमालिकेची सुरुवात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं केली, ज्यांची ‘श्रीलिपी’ सरांनी कधीकाळी वापरली. रेड हॅट कंपनीनं ते फॉन्ट २००४ साली सर्वांसाठी खुले केले आणि त्यांच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या लोकांनी पुढे ते वाढवले. पुण्यातल्या माणसांनी केलेलं ते काम होतं. सरांना ते पडद्यावर दिसलं, एवढंच.

खालापूर तालुक्यातल्या मामांना मात्र पहिला प्रश्न पडला तो वेगळाच. ‘फुकट आहे म्हणतेस, मग यात त्यांचं काय?’ मामा रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन शेती बघतात. त्यांना भाताच्या बियाण्यावरून सांगितलं तेव्हा लगेच पटलं. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राच्या ‘कर्जत-३’ या वाणाचं बी आपण घरी राखून ठेवू शकतो, भावाला देऊ शकतो, पुढच्या वर्षी पेरू शकतो. त्याच केंद्राचं ‘सह्याद्री’ हे संकरित वाण दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. दोन्हीला आपापली जागा आहे. पण घरी राखता येणारं बी असणं ही शेतकऱ्याची ताकद असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हापासून जगभरची माणसं हे बी वाटून घेत आली आहेत, आणि मोठ्या कंपन्याही त्यात पैसे घालतात, कारण त्यांची यंत्रंही त्यावरच चालतात. मामांच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्या गाभ्यावरच चालतो, हे ऐकून ते म्हणाले, ‘म्हणजे सवय आहेच की.’

मामांकडे एक तक्रार आठवडाभर पुरली. पावसाळ्यात वीज गेली आणि परत आली की मशिनची तारीख दहा-बारा वर्षं मागे जायची, आणि बँकेची, सातबाऱ्याची, कुठलीच साइट उघडायची नाही. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी लाल सूचना. ‘तुझ्या लिनक्समुळे झालं’ असं घरात एकमतानं ठरलं. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते, सीआर२०३२ नावाची, ती संपली होती. साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र तारखेशी ताडून पाहिलं जातं. तारीख चुकली की ब्राउझरला प्रमाणपत्र खोटं वाटतं. बॅटरी बदलली, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, कारण आमच्या घाटाखालच्या दमट हवेत त्यांच्यावर किटण चढतं, आणि मशिन नवं झालं. नव्या गोष्टीच्या माथी जुनी दुखणी मारली जातात. घरात काही बदलायचं असेल तर आधी जुनी दुखणी काढून घ्यावीत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की वडीलधाऱ्यांना प्रणालीपेक्षा तोच फरक जास्त जाणवतो, आणि त्याचं श्रेय प्रणालीला मिळतं.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक घरात बजावून सांगते, कारण ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य ऐकून माणसं निर्धास्त होतात. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारा चोर तुमच्या मशिनवर कुठली प्रणाली आहे हे विचारत नाही. असा कुठलाही अटकेचा प्रकार कायद्यात नाही. फोन ठेवायचा, १९३०वर कळवायचं, आणि आधी घरच्यांना सांगायचं, लाजायचं नाही. हा नंबर मी मोठ्या अक्षरांत छापून मॉनिटरच्या कडेला चिकटवते.

आता जे जमलं नाही ते. एका घरातला जुना लेझर प्रिंटर हट्टालाच पेटला. तो चालू केला की दरवेळी कॉम्प्युटरनं त्याच्यात एक सॉफ्टवेअर भरावं लागतं, आणि ते लिनक्ससाठी द्यायला कंपनी तयार नाही. दुसऱ्या घरात पत्रिका काढायचं जुनं सॉफ्टवेअर, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’ या सोयीतून चाललं, पण कुंडलीच्या चौकोनातली अक्षरं एकमेकांवर चढली. आयकराचं पत्रक ब्राउझरमधून भरता येतं, पण घरी बसून आधी तयारी करायचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच असतं. आणि दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला. ‘जीवन प्रमाण’ ही सोय २०१४च्या नोव्हेंबरात सुरू झाली, आणि पेन्शनरांसाठी ती फार मोलाची आहे. बँकेच्या रांगेत उभं राहणं वाचलं. पण तिचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी, फोनवरचं अँड्रॉइडसाठी. ज्या पेन्शनरानं आपलं चांगलं मशिन भंगारात न घालता मुक्त प्रणालीवर आणलं, त्याला अंगठ्याचं यंत्र जोडायचं झालं तर पुन्हा शेजाऱ्याकडे जावं लागतं.

खुल्या मानकांबद्दल केंद्र सरकारचं धोरण २०१० सालचं आहे. सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं हे धोरण २०१५ सालचं. न्यायालयांनी ते करून दाखवलं, केरळच्या शाळांनी दाखवलं, तिथं शिक्षकांच्या पिढ्या लिनक्सवर शिकवत आल्या आहेत. साठी-सत्तरीच्या नागरिकासाठी जी सोय काढायची, ती त्याच्याकडे असलेल्या मशिनवर चालायला हवी. त्यासाठी काही नवं शोधून काढायची गरज नाही. बराचसा भाग ब्राउझरमध्ये आणला तरी काम भागतं.

काकांनी गेल्या महिन्यात हे सगळं एका अर्जात मांडलं. विषय, संदर्भ, दोन्ही धोरणांची वर्षं, परिच्छेदांना क्रमांक, शेवटी प्रार्थना, कोर्टातल्या वळणाचा अर्ज. मिंटवर टाइप केला, पीडीएफ केली, संबंधित खात्याच्या तक्रार पोर्टलवर चढवली आणि पोचपावतीचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. उत्तर अजून आलेलं नाही. काकांनी क्रमांकासमोर पुढची तारीख टाकली आहे, आणि त्या दिवशी स्मरणपत्र द्यायचं म्हणून त्याचा मसुदाही तयार करून ठेवला आहे.